सही करू की नको? (स्ट्रक्चरल ऑडिट, जोखीम वगैरे)

खारट_काँक्रीट

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो. पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

मी सिव्हिलवाला. चौदा वर्षं दुसऱ्यांकडे घासल्यावर आता पाच वर्षं स्वतःचं छोटं ऑफिस चालवतोय. मुख्य काम जुन्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मुंबईत तीस वर्षांवरच्या इमारतीला ऑडिट सक्तीचं आहे आणि शेवटी आम्ही एक अक्षर-आकडा लिहून द्यायचा असतो. सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करा नि पाडा. सी-२ए म्हणजे काही भाग तरी रिकामा करून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे लोक राहत असतानाच दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. चाळीस पानांचा रिपोर्ट कुणी वाचत नाही. सगळ्यांची नजर त्या अक्षरावर.

आता हातात आहे ती पूर्व उपनगरातली तळ अधिक चार मजल्यांची सोसायटी. वय ३८ वर्षं, विंग दोन. बी विंग बरी आहे. ए विंगच्या तळमजल्यावर दुकानं आहेत आणि तिथल्या पाच कॉलमांनी माझी झोप उडवली आहे. यूपीव्ही (काँक्रीटमधून ध्वनिलहर किती वेगाने जाते ते बघणारी चाचणी) २.४ ते २.८ किमी प्रति सेकंद. कोड ३ च्या खाली गेलं की निकृष्ट म्हणतो. सहा कोअर (काँक्रीटमधून कापून काढलेले गोल नमुने) काढले, त्यातले दोन अपेक्षित ताकदीच्या ७५ टक्क्यांच्याही खाली. दोन कॉलमांचं प्लास्टर फोडलं तर आतल्या रिंगा हाताने तुटून आल्या.

कमिटी म्हणते, "साहेब, सी-२बी लिहा. पोरांच्या परीक्षा आहेत, नंतर पावसाळा आहे, दिवाळीनंतर रिपेअरिंग काढू." हे अपेक्षितच होतं. पण परवा एक सद्गृहस्थ ऑफिसात येऊन बसले. कुणाकडून आले ते सांगितलं नाही, पण पुनर्विकासाचा वास होता. म्हणाले, "दोन्ही विंगा सी-१ करा, फी तुम्ही म्हणाल ती."

म्हणजे एकाला अक्षर खाली हवंय, दुसऱ्याला वर. माझं प्रामाणिक मत: बी विंग सी-२बी, ए विंग सी-२ए आणि सी-१ च्या मधे कुठेतरी. पण मधे लिहायला रकाना नाही.

प्रश्न असा की इंजिनिअरने जोखीम किती घ्यावी, आणि कुणाच्या जिवावर? सी-१ लिहिलं नि इमारत पाडली, तर ती अजून वीस वर्षं उभी राहिली असती का हे कुणालाच कधी कळणार नाही. सी-२ लिहिलं नि पडली, तर मात्र सगळ्यांना कळेल.

झणझणीत

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

बगवाला

एक भाबडा प्रश्न. मधलं मत असेल तर मधलं लिहून मोकळं व्हायचं ना? आमच्याकडे सॉफ्टवेअरमध्ये "ज्ञात त्रुटी" अशी यादी जोडतो नि रिलीज करतो.

टेकू

@बगवाला, तुमच्या ज्ञात त्रुटीखाली चौथ्या मजल्यावर कुणी झोपलेलं नसतं.

@खारट_काँक्रीट, अक्षराचं नंतर बघू. आधी सांगा: त्या पाच कॉलमांना आज टेकू लागलेत का? भेगांवर (वाढल्या तर तडकून कळावं म्हणून) काचेच्या पट्ट्या चिकटवल्यात का? वरच्या मजल्यावर कुणाची दारं अडकायला लागली आहेत का, ते विचारलंत का? माझ्या चाळीस वर्षांच्या अनुभवात दार अडकणं ही सगळ्यात स्वस्त नि खात्रीची चाचणी. बायका आधी सांगतात, "अहो, बाथरूमचं दार लागत नाही हल्ली." पुरुष सुताराला बोलावून दार तासून घेतात.

खारट_काँक्रीट

टेकू काका, ऑडिट करायचं म्हटलं की आधी चाचण्या, मग रिपोर्ट, मग उपाय असा क्रम डोक्यात बसलाय. टेकूंचं तोंडी सांगितलं होतं, लेखी नाही. दारांचं विचारलं नव्हतं. उद्या विचारतो.

टेकू

तोंडी सांगितलेलं पावसात वाहून जातं. आजच ईमेल करा.

तिरकस

सगळे आता "नैतिकता, नैतिकता" करत येतीलच, म्हणून आधीच उलटी बाजू मांडून ठेवतो.

जोखीम शून्य असलेलं इंजिनिअरिंग नसतंच. एम-२० काँक्रीट म्हणजे काय? आयएस ४५६ ची (काँक्रीटच्या भारतीय कोडची) व्याख्याच सांगते की शंभरातले पाच नमुने त्या ताकदीच्या खाली जातील असं धरून चाला. म्हणजे बारा मजली इमारतीत पाच टक्के नमुने कमी पडणार हे आपण आधीच मान्य केलेलं असतं. मग काँक्रीटला १.५, लोखंडाला १.१५, भाराला १.५ असे गुणांक लावून आपण अज्ञानाची किंमत मोजतो. तीच किंमत तिप्पट केली तर सामान्य माणसाला घर परवडणार नाही. तोही झोपडीत पावसाने मरतोच, फक्त त्याच्यावर कुणाची सही नसते.

ऑडिटरच्या बाबतीत भीती अशी की तो स्वतःची कातडी वाचवायला सरसकट सी-१ लिहीत सुटेल. दिसायला ते नीतिमान दिसतं. माझ्या मते तो भित्रेपणा आहे, नि त्याची किंमत भाडेकरू मोजतात.

नीलाक्षी_ग

@तिरकस, एरवी तुमच्याशी माझं पटत नाही, पण शेवटच्या दोन ओळींना +१००.

मी इंजिनिअर नाही. आमची इमारत सी-१ झाली त्याला नऊ वर्षं झाली. कलम ३५४ ची नोटीस आली, वीज-पाणी तोडलं, तीन आठवड्यांत बिऱ्हाड संक्रमण शिबिरात. "दोन वर्षांत नव्या घरात" असं सांगितलं होतं. सासरे शिबिरातच गेले. मुलगी दुसरीत होती, यंदा अकरावीला आहे. जुन्या जागी पत्रे मारलेत, आत गवत वाढलंय.

आमची इमारत खरंच धोकादायक होती का? मला माहीत नाही. मालकाचा ऑडिटर हो म्हणाला, आमचा नाही म्हणाला. पण आमच्या ऑडिटरचा रिपोर्ट दाखल व्हायला उशीर झाला. त्या वेळी कुणी समोर बसून आम्हाला आकडे समजावले असते तर बरं झालं असतं. तुम्ही लोक पडण्याची शक्यता मोजता. घर गेल्यावर माणसाचं काय होतं ते मोजणारी चाचणी तुमच्याकडे नाही.

आणि तरीही सांगते: खोटं सी-२बी लिहू नका. घाटकोपरची साईसिद्धी इमारत पडली (२५ जुलै २०१७) तेव्हा मी टीव्ही बंद केला होता. १७ माणसं गेली. तळमजल्यावर दुरुस्ती चालू होती. तुमच्या त्या पाच कॉलमांबद्दल वाचल्यावर तेच आठवलं.

खारट_काँक्रीट

ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आता लगेच काही लिहीत नाही.

पेठेतला_म्हातारा

पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन सतरा वर्षं झाली. इथे येऊन कविता वाचतो, पण या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

१२ जुलै १९६१ ला मी अकरा वर्षांचा होतो, नारायण पेठेत. सकाळी पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं जुनं दगडी धरणही गेलं. आमचं घर पहिल्या मजल्यापर्यंत पाण्यात. आई देवघरातला चांदीचा गणपती पदरात बांधून गच्चीवर चढली ती मूर्ती आजही माझ्याकडे आहे, गाळाचा डाग सोंडेच्या वळणात अजून दिसतो.

पुढे खात्यात लागल्यावर पानशेत हा आमच्याकडे कुजबुजीचा विषय होता. बारकावे सांगत बसत नाही, पण गाभा असा: धरण पुरं झालेलं नव्हतं. पाणी सोडायच्या मोरीचं नि दारांचं काम अपुरं होतं. तरी त्याच पावसाळ्यात पाणी साठवलं गेलं, कारण वर्ष वाचवायचं होतं. मोरीवरचा मातीचा भराव खचायला लागला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती टाकली म्हणून धरण काही तास जास्त टिकलं. ती पोती टाकणाऱ्यांनी किती जीव वाचवले याचा हिशेब नाही.

माझा मुद्दा घाईचा आहे. तिथे कुणी एका माणसाने "मारू या पुणेकरांना" असं ठरवलं नव्हतं. प्रत्येकाने थोडी थोडी जोखीम पुढच्याकडे सरकवली. वरच्याने तारीख दिली, मधल्याने "बघू" म्हटलं, खालच्याने मान डोलावली. खारट_काँक्रीट, तुमची कमिटी "दिवाळीनंतर" म्हणते ना, तिथेच कान टवकारा. पावसाळा तारखा पाळतो, कमिट्या पाळत नाहीत.

गडवाटा

काका, सुरेख प्रतिसाद.

यावर आठवलं ते हिरोजी इंदुलकर. रायगडावर जगदीश्वराच्या पायरीवर "सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इंदुलकर" असं कोरलंय. सही पायरीवर! येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय पडावा म्हणून. आजच्या कंत्राटदाराला सांगा नाव पायरीवर कोरायला.

झणझणीत

आणि त्याच देवळाच्या शिलालेखात हमीचा कालावधी "यावच्चन्द्रदिवाकरौ" आहे. आमच्या गल्लीतल्या रस्त्याचा कालावधी पहिल्या सरीपर्यंत.

अक्षरशत्रू

इंदुलकर की इटळकर? त्या पायरीच्या वाचनावरून वाद आहे. "हिरोजी इटळकर" असं वाचणारेही आहेत.

गडवाटा

झालं, आता यावर शंभर प्रतिसाद.

व्यवस्थापन

हिरोजींच्या आडनावासाठी वेगळा धागा काढावा. इथे विषयाला धरून लिहावे.

दफ्तरदार

कायद्याची बाजू थोडक्यात. डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट यांना नियामक परिषद आहे, सनद जाते. आर्किटेक्टांचा कायदा १९७२ चा. इंजिनिअरांसाठी असा केंद्रीय कायदा आजतागायत नाही. महापालिकेचा परवाना असतो तेवढाच. म्हणजे एरवी तुम्हाला विचारणारं कुणी नाही, आणि पडलं की थेट पोलीस. सीएसएमटीजवळचा हिमालय पूल १४ मार्च २०१९ ला पडला. त्याआधीच्या ऑडिटमध्ये तो किरकोळ दुरुस्तीचा ठरला होता. ऑडिटरला अटक झाली.

म्हणून व्यावहारिक सल्ला: नोंदी ठेवा. त्या "सद्गृहस्थांच्या" भेटीची तारीख-वेळ आजच डायरीत लिहा.

शेवाळ

मी ज्याला शिव्या घालायच्या तो. साइटवाला कॉन्ट्रॅक्टर.

एक सांगतो, राग धरू नका. अडतीस वर्षांपूर्वी ते कॉलम ज्याने भरले त्याच्यापासून सुरुवात करा की. हातभट्टीचा मिक्सर (म्हणजे काँक्रीटचा, गैरसमज नको), घमेल्याने माप, खाडीची वाळू, आणि मुकादम ओरडतोय "पाणी मार, पाणी मार!" कारण घट्ट माल कॉलमात उतरत नाही, व्हायब्रेटर बिघडलेला. जास्तीचं पाणी उडून गेलं की आत पोकळ्या. वीस वर्षांनी त्यातून हवा शिरते, लोखंड गंजतं, गंज फुगतो, प्लास्टर पडतं. मालक म्हणतो पुट्टी मारा. तेही मीच मारतो.

पाणी कमी घाला म्हणून मी स्वतः एका साइटवर दोन गाड्या परत पाठवल्या होत्या, तर मालकाचा इंजिनिअर मलाच म्हणाला, "फार शहाणपणा करता, पुढच्या वेळी दुसरा माणूस बघतो." बघितला पण. त्या कामाचे शेवटचे पैसे अजून यायचेत. नीतीचं ओझं सगळ्यात शेवटच्या सहीवाल्यावर का?

टेकू

शेवाळ, राग कसला. "पाणी मार" हे आपल्या राज्याचं अघोषित बांधकाम धोरण आहे.

ओंटारियोची_सई

कॅनडातून. इथे इंजिनिअर झाल्यावर उजव्या (किंवा ज्या हाताने काम करता त्या) करंगळीत लोखंडी अंगठी घालतात. १९२५ पासूनची प्रथा. बाहेरून खडबडीत पैलू असतात, कागदावर सही करताना ती घासते. मला पहिले सहा महिने फार टोचली, आता नसली की चुकल्यासारखं होतं.

त्या प्रथेमागे क्वेबेकचा पूल आहे असं सगळे सांगतात. अंगठ्या त्याच पुलाच्या लोखंडाच्या, ही मात्र दंतकथा. पूल पडला २९ ऑगस्ट १९०७ ला, ७५ कामगार गेले. आधी गाळा १६०० फुटांचा होता, मग तो १८०० केला, पण पुलाचं स्वतःचं वजन नीट पुन्हा मोजलं नाही. काम चालू असताना पुलाचे लोखंडी दांडे वाकत होते, साइटवरच्या मुलांनी ते मोजून कळवलं. सल्लागार थिओडोर कूपर न्यूयॉर्कमध्ये, म्हातारे, मोठं नाव. त्यांनी तार केली की आणखी भार टाकू नका, पण ती फिनिक्सव्हिलच्या कारखान्याला गेली. पुलावर काम चालूच राहिलं. त्याच दिवशी पडला.

त्यामुळे पेठकर काकांचं "पुढच्याकडे सरकवणं" एकदम पटलं. फक्त इथे इशाराही सरकवलाच गेला, चुकीच्या पत्त्यावर.

बगवाला

मग चॅलेंजर (नासाचं अवकाशयान) आलंच पाहिजे. २७ जानेवारी १९८६ ची रात्र. रॉकेट बनवणाऱ्या कंपनीचे इंजिनिअर फोनवर सांगतायत की थंडीत रबरी कडी (ओ-रिंग) ताठर होते, साधारण १२ अंश सेल्सिअसच्या खाली उडवू नका. नासाची माणसं नाराज. कंपनीच्या एका वरिष्ठाने इंजिनिअरिंग प्रमुखाला सांगितलं, इंजिनिअरची टोपी काढा नि मॅनेजमेंटची घाला. त्याने घातली. सकाळी तापमान होतं २ अंशांच्या आसपास. ७३ सेकंदांत खेळ संपला.

बहुतेक लोक रॉजर बॉइजॉलीची गोष्ट सांगतात, त्याने आधी सहा महिने पत्र लिहून इशारा दिला होता. पण या धाग्यासाठी मला दुसरा माणूस महत्त्वाचा वाटतो: ॲलन मॅकडोनाल्ड. तो केप कॅनाव्हरलला कंपनीचा जबाबदार माणूस होता आणि उड्डाणाच्या शिफारशीवर सही करायला त्याने नकार दिला. मग ती सही त्याच्या वरच्याने केली. नंतर चौकशीत तो खरं बोलला, कंपनीने त्याला बाजूला टाकलं, संसदेतून दट्ट्या आल्यावर परत घेतलं, आणि त्याच सांध्याचं नवं डिझाइन त्याच्याच हाताखाली झालं.

तिरकस

@बगवाला, म्हणजे त्याने सही केली नाही आणि यान उडलंच. सात माणसं गेलीच. एकट्याच्या नकाराने काय झालं?

बगवाला

झालं एवढंच की नंतर "आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं" असं म्हणायची सोय राहिली नाही. आणि नंतरची उड्डाणं नव्या सांध्यावर झाली. तुम्हाला हे कमी वाटतं?

तिरकस

कमी नाही वाटत. पण हिरो फक्त नकार देणाऱ्यांनाच का करायचं? इंजिनिअर विल्यम लमेझर बघा. न्यूयॉर्कची सिटीकॉर्प इमारत, ५९ मजले. कोपऱ्यात चर्च होतं म्हणून खांब कोपऱ्यांऐवजी बाजूंच्या मध्यावर उभे केले. इमारत वापरात आल्यावर १९७८ मध्ये त्याच्या लक्षात आलं की सांधे वेल्डिंगऐवजी बोल्टचे झालेत आणि तिरकस वाऱ्यात ते पुरणार नाहीत. गप्प बसला असता तर कदाचित कुणालाच कळलं नसतं. त्याने स्वतःहून मालकाला सांगितलं, आणि रात्री वेल्डर लावून सांध्यांवर पोलादी पट्ट्या बसवल्या. स्वतःची चूक स्वतः उघड करणारा इंजिनिअर. हे मला जास्त अवघड वाटतं.

ओंटारियोची_सई

उघड केली, पण कुणापुढे? मालक, विमा कंपनी, महापालिका. आत काम करणाऱ्या नि आजूबाजूला राहणाऱ्या लोकांना १९९५ पर्यंत पत्ता नव्हता. १९७८ च्या त्या वादळी हंगामात ते रोज लिफ्टने वर जात होते. आम्हाला वर्गात ही केस नीतिमत्तेचा आदर्श म्हणून शिकवली. मी हात वर करून विचारलं होतं की जोखीम ज्यांच्या डोक्यावर होती त्यांना कुणी विचारलं का. प्राध्यापक म्हणाले, चांगला प्रश्न आहे, पुढे चला.

नीलाक्षी_ग

सई, हेच. हेच तर नऊ वर्षं म्हणतेय.

तिरकस

मान्य. हा मुद्दा माझ्या लक्षात नव्हता आला. (तारीख लिहून ठेवा कुणीतरी, तिरकसने मान्य केलं.)

झणझणीत

हसून हसून पुरेवाट. स्क्रीनशॉट घेतला आहे. लॅमिनेट करून सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावतो, टाचणीसकट.

कॅलिपर

मेकॅनिकलवाल्यांची हजेरी. फोक्सवॅगनच्या डिझेल प्रकरणात जेम्स लियांग हा हाताखालचा इंजिनिअर होता. चाचणी चालू आहे हे ओळखून धूर कमी दाखवणारं सॉफ्टवेअर बनवण्यात त्याचा हात होता. २०१७ मध्ये अमेरिकेत ४० महिने शिक्षा. "वरून सांगितलं होतं" हे तिथे चाललं नाही.

दफ्तरदार

आणि आपल्याकडे खरं बोलणाऱ्यांचं काय होतं तेही सांगा की. सत्येंद्र दुबे, आयआयटी कानपूरचा मुलगा, सुवर्ण चतुष्कोणाच्या कामातला भ्रष्टाचार पंतप्रधानांना पत्राने कळवला, नाव गुप्त ठेवा म्हणाला. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत गोळ्या घातल्या. जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये मंजूर झाला पण लागू नाही. आपल्याकडे विजय पांढरे, मुख्य अभियंता असताना २०१२ मध्ये सिंचनातल्या गैरव्यवहाराबद्दल पत्र लिहिलं, केवढी खळबळ झाली. खात्यात इतके अभियंते, पत्र लिहिणारे किती?

पेठेतला_म्हातारा

दफ्तरदार, तो बाण बरोबर लागला. मी लिहिलं नव्हतं. एका कालव्याच्या अस्तरीकरणात जाडी कमी होती हे मला माहीत होतं. मी मोजमाप पुस्तकात खरी जाडी लिहिली नि बदली घेतली. पुढच्याने ती खोडली असणार. मी परत जाऊन पाहिलं नाही. सदतीस वर्षं झाली.

झणझणीत

(नेहमीची थट्टा मागे घेतो, काका.)

कॅलिपर

सहीच्या विषयावर एक हयात रिजन्सी हॉटेल राहिलं. कॅन्सस सिटी, १७ जुलै १९८१, हॉटेलात नाचाचा कार्यक्रम, हवेतले पूल कोसळून ११४ मृत्यू. मूळ आराखड्यात दोन्ही पूल एकाच लांब सळईला टांगायचे होते. कारखान्याच्या सोयीसाठी एकीच्या दोन सळया केल्या, त्यामुळे वरच्या पुलाच्या सांध्यावर दुप्पट भार आला. मूळ सांधासुद्धा कोडला हवा त्याच्या ६० टक्केच होता. बदललेल्या ड्रॉइंगवर इंजिनिअरचा शिक्का होता. गणित कुणी केलं नव्हतं. मिसुरीत दोघांचे परवाने गेले.

पैसे खाल्ले नव्हते, कुणी दबाव आणला नव्हता. फक्त ड्रॉइंगांचा गठ्ठा मोठा होता.

शेवाळ

दोरीचं उदाहरण देतो. दोन माणसं एकाच दोरीला लटकली तर प्रत्येकाच्या हातावर आपापलंच वजन. खालचा माणूस वरच्याच्या पायाला लटकला तर वरच्याचे हात सुटणार. एवढंच होतं. हे माझ्या मिस्त्रीलाही कळेल.

कॅलिपर

शेवाळ, इतकं सोपं करून आम्हाला कॉलेजात कुणी सांगितलं नाही.

चहाटळ

बादवे, अंधेरीत गोखले पूल बांधून झाला तेव्हा शेजारचा बर्फीवाला पूल नि तो एकमेकांना भेटलेच नाहीत, उंचीत फरक. यात नैतिकता कुठे बसते?

झणझणीत

ते प्रेमप्रकरण होतं. घरच्यांनी नंतर जॅक लावून जुळवून आणलं.

टेकू

मूळ प्रश्नाकडे येतो. "मधे रकाना नाही" हे बरोबर आहे, पण अक्षराखाली अटी लिहायला जागा असते. ती कुणी वापरत नाही. पाच कॉलमांची शिल्लक ताकद गणिताने काढा: गंजलेल्या सळईचा उरलेला व्यास, कोअरची खरी ताकद, वर येणारा भार. मग लिहा की अमुक दिवसांत टेकू नि ए विंग रिकामी, तरच सी-२ए. नाही झालं तर ही विंग सी-१ समजावी. तारीख टाका. आणि कमिटीला नाही, सर्वसाधारण सभेत सगळ्यांना समोर बसवून ते कॉलम दाखवा. नीलाक्षीताईंनी सांगितलंय तसं. चौथ्या मजल्यावरच्या आजींनाही खाली आणा. जोखीम त्यांची आहे.

खारट_काँक्रीट

तीन आठवड्यांनी येतोय, माफ करा. थोडक्यात हकिगत.

दारांचं विचारलं. ए विंगमध्ये तीन घरांत अडकत होती. एकाने खरंच सुतार बोलावून तासली होती.

सभा घेतली. कॉलमांजवळच, दुकानासमोर खुर्च्या टाकून. फोडलेला कॉलम दाखवला, रिंग हातात दिली. शेवाळभाऊंचं दोरीचं उदाहरण वेगळ्या कामासाठी वापरलं, चाललं. आरडाओरडा झाला. एक काका म्हणाले, तुम्ही बिल्डरचे एजंट. एक बाई म्हणाल्या, जायचं कुठे ते सांगा, मग आकडे सांगा. त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, तसं सांगितलं.

रिपोर्ट दिला: बी विंग सी-२बी. ए विंग सी-२ए, सात दिवसांत टेकू, तीस दिवसांत रिकामी, अन्यथा सी-१. प्रत वॉर्ड ऑफिसला. ते सद्गृहस्थ परत आले नाहीत. कमिटीने मात्र दुसरा ऑडिटर आणला, त्याने दोन्ही विंगांना सी-२बी दिलं. रिपोर्ट दोन झाल्यामुळे आता प्रकरण तांत्रिक सल्लागार समितीकडे. माझी अर्धी फी अडकली आहे. पण सोळापैकी नऊ कुटुंबं स्वतःहून बाहेर पडली. टेकू पाचव्या दिवशी लागले, पैसे दुकानदारांनी काढले.

नीलाक्षी_ग

नऊ कुटुंबं गेली कुठे?

खारट_काँक्रीट

बहुतेक नातेवाइकांकडे. दोघांनी भाड्याने घेतलं. एक आजी जायला तयार नाहीत, त्या मुलासकट तिथेच आहेत. रोज फोन करतो. त्या म्हणतात, तुझी सही झाली ना, मग आता कशाला फोन करतोस.

पेठेतला_म्हातारा

करत राहा.

टेकू

चांगलं केलंत. एक राहिलं. ते टेकू उभे कशावर आहेत? अशा इमारतींत तळमजल्याच्या दुकानांमागे जमिनीखाली पाण्याची टाकी असते. टाकीच्या स्लॅबवर टेकू लावले तर भार टाकीवर.

खारट_काँक्रीट

टाकी मागच्या बाजूला आहे. टेकू पुढच्या... थांबा. मागच्या कॉलमाचे चार आहेत. मी पाचव्या दिवशी पाहिले तेव्हा फक्त उंची नि ताठ आहेत का ते पाहिलं होतं. उद्या सकाळी जातो.

झणझणीत

उद्या कशाला?

खारट_काँक्रीट

आत्ता साडेअकराला परत आलो. चारपैकी दोन टाकीवर होते. रिकामी करायला टँकरवाल्याचा पंप लावला, दुकानदाराने दिवा धरला, वॉचमन नि मी मिळून खाली आयएसएमबी (लोखंडी तुळई) टाकून भार टाकीच्या भिंतींवर घेतलाय. सकाळी मुकादम येऊन नीट करेल. आजी जाग्या होत्या, वरून विचारत होत्या पाणी का गेलं.